तालमीच्या मातीतला चुना

श्रावण लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे ठाऊक आहे. सूनबाई पोरांना आधीच बजावून ठेवते, "चार दिवस अज्जांच्या वाटेला जाऊ नका रे." पंचमीचे झोके बांधले जातात, लाह्या भाजल्याचा वास गल्लीभर सुटतो, लेकीबाळी माहेरी येतात, सगळं गाव खुशीत असतं आणि मी ओसरीत बसून करवादत असतो.

यंदा तर कारणही मिळालं. गल्लीत हगवणीची साथ आली, चार घरांतली माणसं दवाखान्यात गेली, आणि तिसऱ्या दिवशी पालिकेचा एक गडी पांढऱ्या भुकटीचं पोतं पाठीवर घेऊन कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत शिरला. उंबऱ्यावर टाकली, पायरीवर टाकली, मग आत जाऊन पोरं जिथं जोर काढतात त्या चटयांवरही मुठीमुठीनं उधळायला लागला. मी काठी टेकत तिथं गेलो.

"कामून टाकायलास रे तिथं?"

"वरून ऑर्डर हाय, अज्जा."

"आणि ती पाण्याची टाकी? पोरं तोंड लावून पितात. तिचं झाकण कुठं हाय?"

"टाकीचं मला कुणी सांगितलं न्हाई. भुकटी टाक म्हणले, टाकायलोय. तुमच्याच तब्येतीसाठी हाय की ओ, एवढं कामून तापायलाव?"

पुढं मी त्याला जे बोललो ते शाळामास्तराच्या तोंडी शोभणारं नव्हतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण हे 'तुमच्याच तब्येतीसाठी' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माणसाच्या भल्यासाठी म्हणून माणसाचं किती वाटोळं करता येतं, ते मी बावीस वर्षांचा असताना पाहिलं आहे. नुसतं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही अजून हैदराबाद स्टेटातच होतो, पण निजामाचा अंमल गेला होता. 'आपलं सरकार' हे दोन शब्द बोलताना आमची छाती फुगायची. बसवकल्याणहून मुडबीकडं जाणाऱ्या वाटेच्या आसपासचं आमचं गाव. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि मशिदीपलीकडच्या मोहल्ल्यात दखनी. एकेका वाक्यात तिन्ही भाषा यायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मी शाळेत नवा मास्तर होतो. अंगात नवा सदरा, खिशाला फाउंटन पेन, आणि डोक्यात वारं.

गावात करमणुकीची जागा म्हणजे एकच, तालीम. नाटक-सिनेमा कुठला असायला? दिवस कलला की म्हातारे तालमीच्या भिंतीला टेकून बसायचे, तरणे लंगोट कसायचे आणि बारकी पोरं दारातून डोकवायची. पत्र्याचं छप्पर, बुटकं दार, वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये असं. आत डाव्या हाताला मारुतीचा कोनाडा, त्याच्या शेजारी पिराची हिरवी चादर, आणि मधोमध हौदा. त्या हौद्यातल्या तांबड्या मातीचा वास मी आजही सांगू शकतो. हळद, कापूर, आंबट ताक, तिळाचं तेल, लिंबू आणि वर्षानुवर्षांचा घाम. उन्हाळ्यात भर दुपारी त्यात पाय घातला तरी तळवा गार व्हायचा. मी स्वतः त्या मातीत चार वर्षं लोळलोय. पैलवान झालो नाही, ती गोष्ट वेगळी. उस्ताद म्हणायचे, "मास्तर, तुमची पकड फक्त खडूवर चांगली हाय."

उस्ताद म्हणजे मदारसाब. साठीच्या आतबाहेरचे, अंगानं काटक, कान मोडलेले, आवाज मात्र बाईमाणसासारखा मऊ. तालीम त्यांच्या आज्यानं उभी केलेली. हौद्यातली माती फक्त तेच करायचे. आठ दिवसांतून एकदा पहाटे फावड्यानं ती खालवर करायची, चाळायची, ताक शिंपायचं, हातानं मळायची. दुसऱ्या कुणी फावड्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. नवीन पोरगं विचारायचं, "उस्ताद, ही माती बदलत का न्हाई?" तर ते म्हणायचे, "माती बदलत नसतात बेटा, पोसतात. ढोरं पोसता ना घरात, तशी."

ॲक्शननंतरच्या दिवसांत काय काय झालं ते इथं उगाळत बसत नाही. ज्यांनी पाहिलं ते अजून गप्प आहेत. एवढंच सांगतो, मदारसाबांच्या धाकट्या भावाचं घर जळालं आणि तो बायकापोरं घेऊन हैदराबादला गेला. त्यानं यांनाही बोलावलं. हे गेले नाहीत. "मेरी मिट्टी कौन देखेगा?" म्हणाले. शेत नव्हतं, मूलबाळ नव्हतं, बायको आधीच वारलेली. त्यांच्यापाशी उरलं होतं ते एवढंच, तालीम आणि नाव. मदारसाबांच्या मातीत कुणाला कायमची इजा होत नाही, असं आळंदपासून भालकीपर्यंतची माणसं म्हणायची. आई-बाप पोराला त्यांच्या हवाली करून निर्धास्त झोपायचे.

पण वारं फिरलं होतं. पूर्वी गावात काही करायचं तर उस्तादांना विचारायचे. आता आम्ही तालमीची एक कमिटी केली होती. अध्यक्ष गुरुलिंगप्पा अण्णा, कापडदुकानवाले. सेक्रेटरी मी, कारण कागद मला लिहिता यायचे. उस्तादांना आता आम्ही विचारत नव्हतो, कळवत होतो. त्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. ते पूर्वीपेक्षा कमी बोलायला लागले. एखादी गोष्ट एकदा सांगायचे, हळू आवाजात, आणि परत सांगायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हातारा समजूतदार आहे. समजूतदार कसला! एका गोष्टीसाठी दोनदा बोलण्याचा हक्क आपण त्या माणसाकडून काढून घेतलाय, हे आमच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

त्या श्रावणात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. धनगरवाड्यात पहिल्यांदा लागली, मग कोष्टी गल्लीत, मग आमच्या शाळेमागं. सकाळी हसतखेळत असलेलं माणूस दिवस मावळायच्या आत नेलं जायचं. बाजार मोडला. घरोघर दारात कडुलिंबाचे डहाळे. लोक एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा पिईनात. त्या दिवसांत एका दुपारी मदारसाब शाळेत आले, पायरीखालीच उभे राहिले.

"मास्तर, मेरी एक सुनो. तालीम बंद रखो. महिनाभर. कुस्ती कहाँ भागरी?"

"उस्ताद, पंचमीच्या कुस्त्या हायत. जिल्ह्याचा मोठा साहेब येणाराय."

"साहेब को बोलो, दिवाळी को आव."

मी हसलो. आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. हसलो कारण मला त्या साहेबाकडून शाळेची इमारत मंजूर करून घ्यायची होती. माझे तीन वर्ग मारुतीच्या देवळात आणि एक झाडाखाली भरायचा. गुरुलिंगप्पा अण्णांना साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं होतं. बाहेर पावसानं मैदानाचा चिखल झालेला, म्हणून कुस्त्या तालमीच्या आतच, पत्र्याखाली, माणसं खचाखच भरून. पटकीच्या साथीत! पण आम्ही कमिटीत ठराव केला, 'आरोग्याची सर्व खबरदारी घेऊन' कुस्त्या घ्याव्यात. ठराव माझ्याच अक्षरात होता. खबरदारी हा शब्द लिहिला की ती घेतली गेली असं मला खरंच वाटत होतं.

मग खबरदारीचे साहेब आले. सफाई खात्याचे इन्स्पेक्टर, नाव घेत नाही. नाकाला रुमाल, काखेत कागदांची फाइल. त्यांच्याबरोबर एक कंपौंडर होता, तेवढा मात्र कामाचा माणूस. तालमीच्या दारात टेबल मांडून तो सगळ्यांना टोचायला बसला. टोचल्याची चिठ्ठी नाही त्याला आत प्रवेश नाही. आता गंमत बघा, दोन-दोन मणाचे दगड छातीवर घेणारे पैलवान सुई बघून पांढरेफटक पडायला लागले. एकजण तर बसल्या जागी कलंडला. मदारसाबांनी सगळ्यांच्या आधी सदरा काढला, दंड पुढं केला आणि म्हणाले, "हे चांगलं काम हाय. टोचून घ्या रे सगळे." त्यांनी म्हटलं म्हणून निम्म्या गावानं टोचून घेतलं. हे कुठल्याही कागदात आलं नाही.

टोचणीपर्यंत ठीक होतं. मग इन्स्पेक्टरनं तालमीतला पाण्याचा रांजण पाहिला. एकच रांजण, एकच तांब्या, सगळ्यांचे हात आत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पटकी पाण्यातून येते. उस्ताद म्हणाले, "रांजण ठेवा, पाणी मी उकळून भरतो, वर झाकण घालतो, ओगराळ्यानं घेऊ द्या." सोपी गोष्ट. पण उकळलेलं पाणी फाइलीत दाखवता येत नाही. रिकामी जागा दाखवता येते. रांजण उचलून बाहेर फोडला. आणि ज्या थोरल्या विहिरीतून तो भरायचा, तिच्यात लाल औषध टाकायचं निघालं तर अण्णांच्या घरातून निरोप आला, पाण्याला रंग येतो, स्वयंपाकाला चालत नाही. धनगरवाड्याच्या विहिरीत टाकलं. थोरल्या विहिरीत नाही. साहेबांनी तेवढं समजून घेतलं.

मग ते हौद्यापाशी उभे राहिले.

"ही माती कधी बदलली?"

"बदलत न्हाईत साहेब," मीच मोठ्या अभिमानानं बोललो, "पोसतात. ताक, तेल, हळद..."

"किती वर्षं?"

"यांच्या आज्यापासनं."

साहेबांनी रुमाल नाकावर आणखी घट्ट दाबला. तीन पिढ्यांचं ताक, तेल आणि घाम! त्यांना जी घाण दिसली ती आम्हाला कधी दिसली नव्हती, आणि आम्हाला जे दिसत होतं ते त्यांना सांगायला कुणाची जीभ उचलली नाही. उलट आम्हीच खजील झालो. आपलं गाव मागासलेलं दिसेल म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी फाइल उघडून दाखवली, करमणुकीच्या बंद जागेत जमिनीवर चुना टाकून जंतुनाशन करावे. सरकारी कागद खोटा नव्हता. शाळेच्या, धर्मशाळेच्या, सिनेमाच्या फरशीसाठी कुणीतरी शहाण्या माणसानं तो लिहिला असेल. पण फरशीवर कुणी उघड्या अंगानं लोळत नाही. फरशी मुठीत उचलून कुणी दुसऱ्याच्या छातीवर मारत नाही.

चुनाभट्टीवरून पोती आली. कळीचा चुना, कुटून बारीक केलेला, विझवायला वेळ नव्हता. मदारसाबांनी चिमूटभर बोटावर घेतला, थुंकी लावली, आणि बोट झटकलं.

"मास्तर, यह कच्चा है. दारात टाका, गटारात टाका. हौद्यात नक्को."

बस्स, एवढंच. एकदा. हळू आवाजात.

इन्स्पेक्टर म्हणाले, "म्हातारबुवा, तुम्ही जरा बाजूला व्हा." अण्णा म्हणाले, "उस्ताद, सरकारी काम हाय." उस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं, त्याला हात लावला नाही, आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. आता फावडं कोण चालवणार? पैलवान पोरं एकमेकांकडं बघायला लागली, उस्तादांच्या फावड्याला हात लावायची त्यांची छाती होईना. शेवटी नव्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून मी उतरलो. हो, मीच. पोती हौद्यात रिकामी केली आणि माती खालवर केली. पांढरी रेघ, तांबडी रेघ, पांढरी रेघ. ताकानं ओली माती हळूहळू पायाखाली कोमट व्हायला लागली. मला वाटलं, औषध काम करतंय.

पंचमीचा दिवस. पत्र्यावर पाऊस तडतडत होता. आत इतकी माणसं की श्वास घेता येईना, पण प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी! मोठे साहेब खुर्चीत, शेजारी अण्णा, पुढं टेबल, टेबलावर झाकलेल्या ताटात पेढे आणि बर्फात ठेवलेल्या सोड्याच्या बाटल्या. बसवकल्याणहून खास आणवलेल्या. मदारसाब आत नव्हते. त्यांना या म्हणायला कुणी गेलंच नव्हतं. तालमीला लागूनच त्यांची खोली, तिच्या दारात ते बसून राहिले होते.

शेवटची जोड माळूची. माळू धनगराचा, उस्तादांचा लाडका चेला, वीस वर्षांचा. पोलिसात भरती होण्यासाठी महिन्याभरात जाणार होता. त्याच्या आईनं त्यासाठी धोतरजोडीसुद्धा घेऊन ठेवली होती. समोर मादन हिप्परगा गावचा गडी. दोघांनी सलामी दिली, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि रीतीप्रमाणे मुठीत माती घेऊन एकमेकांच्या खांद्यावर, छातीवर मारली. घामेजलेल्या अंगावर हात घसरू नये म्हणून ही माती टाकतात. पिढ्यान् पिढ्या टाकतात. हिप्परग्याच्या गड्याची मूठ जरा वर गेली.

माळूनं डोळ्यावर हात दाबला. आम्हाला वाटलं, कचरा गेला असेल, लोक हसलेसुद्धा. मग तो गुडघ्यावर बसला आणि असा ओरडला की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना.

"पाणी! पाणी आणा रे!"

पाणी कुठलं? रांजण आम्हीच फोडला होता. कुणी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागलं, त्यानं चुना आणखी आत गेला. कुणी म्हणालं तेल घाला, कुणी म्हणालं फुंकर मारा. आणि टेबलावर सोड्याच्या बाटल्या होत्या. मी त्या पाहिल्या. देवाशप्पथ सांगतो, माझी नजर त्यांच्यावर गेली. साहेबांच्या सोड्याला हात कसा लावायचा, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी जागचा हललो नाही. तिथं इतकी माणसं होती, एकाचाही हात त्या टेबलाकडं गेला नाही. अरे, थू आपल्या जिंदगानीवर!

गर्दी फोडत मदारसाब आले. एका हातात वजूचा बधना, नमाजाआधी हातपाय धुवायचा तोटीचा तांब्या, दुसऱ्या हातात घागर. माळूचं डोकं मांडीवर घेतलं, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि बधन्याच्या तोटीतून धार धरली. "आँख नक्को मिटना बेटा, नक्को मिटना, देख मेरेकू, देख." बधना रिकामा झाला की घागरीतून भरायचा. घागर संपली तेव्हा कुठं बाकीच्यांना जाग आली आणि लोक विहिरीकडं धावले. उकळून निववलेलं पाणी होतं ते. साथ लागल्यापासून ते स्वतः तसंच पाणी पीत होते.

माळूचा डावा डोळा राहिला. उजवा गेला. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोन्ही गेले असते. भरतीच्या दारातूनच त्याला परत पाठवला. पुढं जन्मभर त्यानं दुसऱ्यांची मेंढरं राखली. रस्त्यात भेटला की मान डावीकडून वळवून माझ्याकडं बघायचा आणि विचारायचा, "काय मास्तर, बरं हाय का?" एका शब्दानं तो मला कधी बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते.

आता मोठ्या साहेबांच्या देखत हे झालेलं, म्हणजे कागद होणं आलंच. चौकशी, पंचनामा. इन्स्पेक्टरचा चेहरा उतरला होता, पण अण्णा मुरलेले. दुकानाच्या माडीवर बसून त्यांनी मला मजकूर सांगितला. इन्स्पेक्टरनं सुचवलेले सर्व उपाय नियमाप्रमाणे केले, हे वर. आणि खाली?

"मास्तर, तालमीची माती कोण करतंय?"

"उस्ताद."

"त्यात काय काय घालतंय ते दुसऱ्या कुणाला ठाव हाय का?"

"न्हाई."

"मग तसंच लिवा की. खोटं काय हाय त्यात?"

मी लिहिलं. 'हौद्यातील माती नेहमीप्रमाणे वस्ताद यांनी स्वहस्ते तयार केली असून तीत काय मिसळले हे त्यांनाच ठाऊक.' अक्षर माझं सुरेख होतं. एकेक शब्द सुटा काढला तर खोटा म्हणता येणार नाही, आणि सगळे मिळून इतकं खोटं की माझ्या बोटांना अजून त्याची घाण वाटते. फावड्याचे फोड माझ्या तळहातावर होते. पेन धरताना ते दुखत होते.

त्या कागदाच्या जोरावर तालमीचा ताबा कमिटीनं घेतला. मदारसाबांच्या मातीत माणूस आंधळा होतो, असं आळंदपासून भालकीपर्यंत झालं. आई-बापांनी पोरं काढून घेतली. ज्या दिवशी तालमीला आमचं कुलूप लागलं, त्यानंतर आठवड्याच्या आत म्हातारा एक ट्रंक घेऊन भावाकडं हैदराबादला गेला. तिथंच वारला असं पुढं कळलं, कधी ते माहीत नाही. इन्स्पेक्टरची बदली झाली, बढतीवर. पटकी थोरल्या विहिरीतून आणखी महिनाभर माणसं नेत राहिली. आणि शाळेला इमारत मिळाली. पाच खोल्यांची, दगडी. मी तीस वर्षं त्या इमारतीत पोरांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवलं. निवृत्तीच्या वेळी गावानं मला शाल दिली, नारळ दिला. भाषणात कुणीतरी मला गावाचा आधारवड म्हणालं आणि मी मान डोलावली.

लोक म्हणतात, अज्जा, झालं ते झालं, तुम्ही तरणे होता, वरून दबाव होता. कसला दबाव! माझ्या मानेवर कुणी सुरी धरली नव्हती. मला इमारत हवी होती आणि साहेबाच्या डोळ्यांत मी शहाणा दिसायला हवा होतो. इन्स्पेक्टरवर मी इतकी वर्षं दात खातोय, अण्णांवर खातोय, पालिकेच्या त्या गड्यावरही खाल्ले. त्यांच्यावर रागावणं सोपं आहे. एक गोष्ट मात्र मी बायकोलाही कधी सांगितली नाही. ती गेली आता. म्हणून सांगतो.

पंचनाम्यावर उस्तादांची सही हवी होती. 'वाचून दाखवला, मान्य आहे' या ओळीखाली. कागद मराठीत, त्यांना वाचता यायचं फक्त उर्दू. अण्णा म्हणाले, तुमच्यावर त्यांचा विश्वास हाय, तुम्हीच जावा. मी गेलो. खोलीत एक खाट, कोपऱ्यात बधना, खुंटीला माळूचा लंगोट वाळत घातलेला. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसले. माळूच्या डोळ्याचं विचारलं. मग म्हणाले, "पढो."

मी वाचायला लागलो. गावाचं नाव, वार, हजर असलेल्यांची नावं, टोचणी, रांजण, पोती. आवाज अगदी वर्गातल्यासारखा स्वच्छ. मातीच्या त्या वाक्यापाशी आलो, आणि माझी नजर त्या ओळीवरून उडी मारून खालच्या ओळीवर गेली. आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

"इत्ताच है क्या?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, उस्ताद."

त्यांनी कागदाकडं बोट केलं. मग संकोचून, एखादी जास्तीची गोष्ट मागतोय अशा सुरात म्हणाले, "मैं बोला था ना, बंद रखो करके... कच्चा है बोला था... वो आया क्या इसमें?"

मी त्यांच्याकडं बघितलं. आणि म्हणालो, "आलंय की."

त्यांचा चेहरा खुलला. ॲक्शननंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चलो," ते म्हणाले, "कागज में तो आया. शुक्रिया मास्तर."

माझ्याच पेनानं त्यांनी उजवीकडून डावीकडं सावकाश सही केली. शाई ओली होती. हवेत पावसाची ओल, लवकर वाळेना. मी खाटेवर बसून, सही फिसकटू नये म्हणून, कागदावर हळूहळू फुंकर घालत राहिलो.